दुर्बिणीचं

"सौ. शालन हणमंत घाडगे!"

कर्ण्यातून माझं नाव आलं तेव्हा माझ्या तोंडात शेंगदाणे होते. शाळेच्या पटांगणात बायकांच्या सतरंजीवर मी आणि शेजारची तानूबाई मांडीला मांडी लावून बसलो होतो, तिच्या ओच्यातल्या भाजलेल्या शेंगा फोडत. पुढच्या रांगेत सासूबाई. आमच्या माणदेशी बोलीत सासूला आत्ती म्हणतात, मीही तेच म्हणायची. कार्यक्रम आरोग्य मेळाव्याचा होता. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण नंतर चहा-चिवडा होता, आणि आमचे हे त्याच शाळेत गुरुजी होते. न जाऊन कसं चालेल?

"अगं, तुझं नाव घेतलं," तानूबाई म्हणाली.

"दुसरी कुणी असंल."

"घाडग्याची शालन आनि किती असत्यात गावात?"

तेवढ्यात कर्णा पुन्हा बोलला. आवाज हेडमास्तर जंगम सरांचा. "आपल्या शाळेचे सहशिक्षक घाडगे गुरुजी यांच्या पत्नी! यांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घेऊन गावापुढं आदर्श ठेवलेला आहे. त्यांनी स्टेजवर यावं, साहेबांच्या हस्ते त्यांचा सत्कार होईल."

आधी टाळ्या वाजल्या. मग त्या मधेच विरल्या. बायकांच्या बाजूच्या टाळ्या आधी थांबल्या, कारण बायकांना ठाऊक होतं. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं.

दुर्बिणीचं म्हटलं की आमच्याकडं एकच अर्थ. पोरं बास झाली की बाई तालुक्याच्या शिबिराला जायची. तिथं बेंबीखाली बारीक भोक पाडून दुर्बीण घालायचे, नळ्या बांधायचे, आणि संध्याकाळी जीपमधून घरी आणून सोडायचे. त्याच्या आधी मोठं पोट कापायचे, त्याला टाक्याचं म्हणायचे. अमकीचं दुर्बिणीचं झालं म्हणजे तिचा पाळणा बंद झाला, एवढं शेंबड्या पोरालाही कळायचं. आता दुर्बीण ही बघायची वस्तू. तिनं नुसतं आत बघताही येतं, न बांधता. पण एखादा शब्द गावाच्या तोंडात बसला की त्याची फोड करत कोण बसतो? आणि त्या काळात गुरुजी लोकांच्या मागं ही एक ब्यादच होती. पोरांना पाढे शिकवायचे आणि वर ऑपरेशनसाठी बाया मिळवायच्या. अशा बाईला केस म्हणायचे. केस मिळाली नाही की मास्तरला वरून बोलणी बसायची. आमचे हे बोलायला भिडस्त. दुसऱ्याच्या बायकोला असलं काही सांगायचं म्हणजे यांच्या कपाळावर घाम यायचा.

"ऊठ की," तानूबाईनं कोपरानं ढोसलं. तिच्या आवाजात मघाची शेंगांची मैत्री नव्हती.

मी उठले. का उठले हे मला आजही सांगता येत नाही. हजार डोळे रोखलेले असताना बसून राहायलाही बळ लागतं, ते माझ्याजवळ नव्हतं. आत्तीच्या शेजारून गेले तेव्हा तिनं वर बघितलं नाही.

स्टेजवर चढले. एका बाईनं हळदकुंकू लावलं आणि साडी, खण, नारळ पुढं केलं. आणि माझ्या हातानं सवयीनं पदर पुढं पसरला, ओटी घ्यायला पसरतात तसा. मला ओटीची सवय कुठली? गावात कुणाचं डोहाळजेवण असलं की मला बोलावणं यायचं नाही, आलं तरी भांडी घासायला. लहानपणी आईला ओटी घेताना बघितलेलं, तेवढंच. तो पसरलेला पदर आठवला की अजून माझे कान तापतात.

तालुक्याहून आलेले साहेब चांगले गोरेगोमटे, हसरे. त्यांच्यासमोर माईक तसाच चालू होता.

"शाब्बास," ते म्हणाले. "किती मुलांवर केलंत, ताई?"

सगळ्यांना ते हाच प्रश्न विचारत होते. माझ्या आधीची बाई 'तीन' म्हणून लाजली होती. मी गुरुजी लोकांच्या खुर्च्यांकडं बघितलं. हे दुसऱ्या खुर्चीवर होते. यांनी चष्मा काढला होता आणि धोतराच्या सोग्यानं काचा पुसत होते. चष्म्याशिवाय यांना चार हातांवरचं दिसत नाही. म्हणजे मी यांच्याकडं बघतेय हे यांना दिसायचा प्रश्नच नव्हता.

"सांगा, सांगा. दोन की तीन?"

"अवो साहेब," बायकांतून कुणीतरी ओरडलं, "एकबी न्हाई तिला!"

हसू फुटलं. आधी पुरुषांत, मग पोरांत. साहेब गोंधळले, त्यांनी जंगम सरांकडं बघितलं, जंगम सरांनी घाईघाईनं पुढचं नाव पुकारलं. मी पायऱ्या उतरले. पदरात नारळ होता, तो पडू नये एवढीच काळजी मला वाटत होती. माणसाचं डोकं अशा वेळी कुठं गुंतेल सांगता येत नाही.

सतरंजीपाशी आले तर आत्ती निघून गेलेली. तिच्या वहाणा तिथंच होत्या. भर दुपारी ती अनवाणी घरी गेली होती. मी एका हातात तिच्या वहाणा घेतल्या, दुसऱ्या हातानं ओटी धरली आणि मागोमाग निघाले. तानूबाई माझ्या मागून येत होती. ती सोबत करत नव्हती, पुढचं बघायला येत होती.

घरात आत्ती चुलीपुढच्या पाटावर बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"कुनाला इचारून पोट बांधून आलीस?"

"आत्ती, तसलं न्हाई ओ ते."

"मग कसलं? मिरजंला गेलासा तवा काय सांगितलंत मला? पोटात दुकतंय. गाठ हाय का बगाय लावतोय. मी देवाला नारळ बोलले गं तुज्या गाठीसाठी!"

"ती तपासणी हुती."

"तपासनीला पोट फाडत्यात?"

"फाडलं न्हाई. दुर्बिणीनं बघितलं."

झालं. तोच शब्द माझ्या तोंडातून गेला. दुसरा कुठला आणायचा? डॉक्टरबाईंनी मला एवढाच शिकवला होता.

"दुर्बिनीचं म्हंजी काय ते मला शिकवू नगंस," आत्ती म्हणाली. "तानू, भाईर का हुबी ऱ्हायलीस? आत ये. तुजंबी दुर्बिनीचंच न्हवं?"

"व्हय. धाकट्याच्या पाठीवर."

"तुजं पोट दाखीव."

तानूबाईला असल्या कामाची हौस. तिनं निऱ्या खाली सरकवल्या. बेंबीच्या खाली नखाएवढा पांढरा वण होता. मग आत्ती उठली, माझ्याजवळ आली, आणि मी पदर धरायच्या आत तिनं माझं लुगडं कमरेवरून खाली ओढलं. ओटीतला नारळ सुटून घरंगळत चुलीपाशी गेला.

दोन पोटं शेजारी शेजारी. एकीचं चार बाळंतपणांनी सैल पडलेलं, एकीचं सपाट. आणि वण मात्र एकाच शिंप्यानं टाका घातल्यासारखा. त्याच जागी, तेवढाच. माझा अजून तांबूस होता, एवढाच काय तो फरक.

"सारका हाय की गं," तानूबाई वाकून म्हणाली.

आत्तीनं हात काढून घेतला. ती वाईट बाई नव्हती. सहा वर्षांत तिनं मला वांझ म्हटलं नव्हतं. लोकांनी म्हटलं तर त्यांच्याशी भांडली होती. म्हणून तर तिला हे इतकं झोंबलं. जिच्यासाठी आपण गावाशी भांडलो तिनंच आपल्याला फसवलं, असं तिला वाटत होतं.

"सकाळच्या यष्टीनं म्हायेरला जा," ती म्हणाली. "हनमा सोडून यील. माज्या भावाची सुमन लग्नाची हाय. मी आजच निरोप धाडते."

मी निऱ्या खोचत राहिले. बोलायचं खूप होतं, पण मिरजेहून येताना यष्टीत यांनी माझा हात धरून शब्द घेतला होता. आतलं काही आईजवळ बोलू नकोस. हात असा कधी धरत नाहीत हे. मी लगेच हो म्हटलं होतं.

तेवढ्यात दारात सायकल वाजली. हे आत आले. यांचा चष्मा आता डोळ्यांवर होता. यांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, तानूबाईकडं बघितलं आणि सायकलचं कुलूप लावायला परत बाहेर गेले. आमच्या गल्लीत सायकल चोरायला कोण येणार होतं?

"हनमा! आत ये."

"आलो."

"हिचं नाव हेडमास्तरला कुनी दिलं?"

"आई, उद्या बोलू आपण."

"उद्या ही हितं नसनार. आत्ता बोल. बायकू पोट बांधून आली, तुला ठावं हुतं का न्हवतं?"

"तिनं बांधलं नाही."

मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आता हे सगळं बोलतील, मग मला शब्द मोडायला नको.

"मग नाव कसं गेलं?"

"मी दिलं नाही. त्यांनीच धरलं." हे चौकटीला पाठ लावून उभे राहिले. "रजेवरून परत गेलो तेव्हा जंगम सरांनी विचारलं, रजा कशाला होती? मी म्हटलं, हिचं ऑपरेशन होतं. ते म्हणाले, कसलं? सगळा स्टाफ बसला होता. मी म्हटलं, दुर्बिणीचं. ते उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, वा गुरुजी, घरातूनच केस दिलीत."

"आन् तू?"

"मी काय बोलणार?"

"तसलं न्हाई म्हनायला तोंड न्हवतं?"

"तसलं नाही म्हटलं असतं तर मग कसलं, ते विचारलं असतं त्यांनी."

"मग कसलं?" आत्ती म्हणाली. "आता मी इचारती. कसलं?"

हे माठाकडं गेले. तांब्या बुडवला, पाणी प्यायले, आणखी एकदा बुडवला. मी यांच्या पाठीकडं बघत होते. मनात म्हणत होते, बोला. एवढं एक बोला, मी जन्मात काही मागणार नाही. तांब्या माठावर उपडा पडला. हे तसेच भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मग मीच बोलले. आवाज माझा मलाच परका वाटत होता.

"आत्ती, सहा वर्सं झाली म्हणून गेलो हुतो आमी. पोटात दुखत न्हवतं, गाठबी न्हवती. दुर्बीण घालून निळं औषद सोडलं आन् बघितलं, नळ्या मोकळ्या हायत का. मोकळ्या हायत. पिशवी चांगली हाय. माज्यात काय खोट न्हाई म्हनाल्या डॉक्टरबाई."

"काय खोट न्हाई?" आत्ती पाटावर बसली. तिचा चेहरा आधी उजळला. मग हळूहळू तिला पुढचं कळायला लागलं. "मग?"

"शालन," हे भिंतीकडूनच म्हणाले. "तू शब्द दिला होतास."

"दिला हुता. मी स्टेजवर हुते आन् तुमी चष्मा पुसत बसलात तवा तो संपला."

असं मी यांना कधी बोलले नव्हते. तानूबाईनं तोंडावर हात घेतला.

"बाई आधी ह्यांनाच म्हनाल्या हुत्या," मी आत्तीला सांगितलं. "पयल्या दिवशी. गुरुजी, पयली तुमची तपासणी करू. त्या तपासणीला कापावं लागत न्हाई, सुई सुदिक टोचावी लागत न्हाई. बाटलीत द्यायचं आन् घरी जायचं. तुमचं चांगलं निघालं तर मग बायकूचं बघू. हे म्हनाले, नको, आधी हिचं बघा."

बाहेर मेळाव्याचा कर्णा अजून चालू होता, आता गाणी लागली होती.

"तानू," आत्ती म्हणाली, "तू जा घरला."

"चहा टाकू का मी?"

"जा म्हनलं न्हवं."

तानूबाई गेली. आत्तीनं चुलीपाशी पडलेला नारळ उचलला, पदरानं त्याची राख पुसली. बराच वेळ ती तो पुसत होती.

"हिचं पोट उगडं केलं मी," ती म्हणाली. आमच्यापैकी कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "परक्या बाईम्होरं. माज्या ह्या हातानं."

"आत्ती, असूं दे."

"काय असूं दे? तू गप." ती यांच्याकडं वळली. "तुला बाटली धरायची लाज वाटली, म्हनून हिला भोसकलंस व्हय रं?"

"आई, मला..." यांचा आवाज फुटला. "मला लाज वाटली. खरंच वाटली. माझ्यात निघालं तर? गावात गुरुजी म्हणतात मला."

"वाटंल की. पुरुस हाईस. पन मग ती तुज्याजवळ ठेवायची हुतीस." आत्तीनं नारळ साडीवर ठेवला, खण त्यावर ठेवला आणि सगळं यांच्यापुढं सरकवलं. "तू ती हिच्या वटीत घातलीस. समद्या गावादेखत. हळदीकुकवासकट. सहा वर्सं ह्या पोरीची कुनी वटी भरली न्हाई, आन् भरली ती तुज्या लाजंनं."

हे खाली बसले. यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मलाही रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. मला यांचा राग आला होता आणि त्याच वेळी यांच्याकडं बघवतही नव्हतं. आपलं माणूस आपल्या देखत एवढं लहान होताना बघणं, ही स्टेजवरच्या फजितीहून वाईट गोष्ट आहे. मी आत जाऊन उगीच डबे पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यष्टीच्या वेळेला आत्तीनं साडी, खण आणि नारळ एका पिशवीत घातलं आणि पिशवी यांच्या सायकलच्या हँडलला अडकवली.

"हे देऊन ये. कुनाला, कसं, काय सांगून, ते तुजं तू बग. पन पिशवी घरात परत आनू नगंस."

संध्याकाळी सायकल रिकामी आली. शाळेत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. मागाहून एवढं कानावर आलं की जंगम सर म्हणाले, नाव वर गेलं, आता काढता येत नाही. म्हणजे सरकारदरबारी माझं ऑपरेशन झालेलंच राहिलं. गावातल्या बायका मात्र पाण्यावर मला बघून आवाज कमी करायच्या. तानूबाईनं कुणाला काय सांगितलं असेल ते देव जाणे. तिच्याशी मी कित्येक महिने बोलले नाही. आत्ती तर तिचं विरजणसुद्धा घेत नव्हती.

आणि आत्ती माझ्याशी कशी वागायची? मी आंघोळीला निघाले की ती उठून मोरीच्या दाराला स्वतः पोतं लावायची. माझ्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून. मरेपर्यंत लावायची. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. हे आपण होऊन म्हणाले होते, जाऊ या. यष्टीत हे खिडकीकडं बसले आणि पूर्ण वाट बाहेर बघत राहिले. मी यांच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं ठेवलं, ते यांनी धरून ठेवलं.

दवाखान्याचा व्हरांडा बायकांनी भरलेला. पोटुशा, लेकुरवाळ्या, नव्या लग्नाच्या. पुरुष होते ते दाराबाहेर बिड्या ओढत. आतल्या बाकावर टोपीवाले असे हेच एकटे. समोरची बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "कितवा म्हैना?" मी मान हलवली. हे ऐकून यांनी टोपी काढली आणि हातात धरली.

टेबलावरच्या मुलीनं मान वर न करता हाक दिली.

"घाडगे! पेशंट कोण?"

मी उठायला लागले होते. सहा वर्षं वैद्याकडं, देवर्षीकडं, इथं, कुणीही पेशंट कोण विचारलं की मीच उठत आले होते. मला माहीत होतं आज मी नाही. तरी गुडघे आपोआप सरळ झाले, आणि खरं सांगायचं तर जिभेवर 'मी' आलंही होतं. सगळ्या बायका बघत होत्या. यांना तिथं कसं होईल ते मला आधीच दिसत होतं. वाटलं, म्हणून टाकावं. एवढं सोसलं, आणखी एक.

यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. मग हे उभे राहिले.

"मी," हे म्हणाले.

"कोण? मोठ्यांदा सांगा हो."

यांच्या हातातली टोपी चुरगळली होती. यांनी घसा खाकरला, वर्गात हजेरी घ्यायच्या आधी खाकरायचे तसा.

"मी आहे पेशंट," हे म्हणाले. "हणमंत घाडगे. हिला काही झालेलं नाही."